सडकेवरून चित्र पाहणारे गनीभाई

पांढरकवड्यात ट्रक रंगवणारे गनीभाई जिल्ह्यात कुठेही चित्रांचं प्रदर्शन लागलं, की पहिल्या एसटीनं तिथे हजर!

यवतमाळात प्रेरणाचं पहिलंच प्रदर्शन होतं. सकाळपासून लोक येत, चहा पिऊन जात. चित्रापुढे कुणी थांबत नव्हतं. गनीभाईंनी मात्र तिनं रंगवलेला बैल पाहिला आणि ते उलट पावली सरकत थेट दाराबाहेर गेले. प्रेरणाचा चेहरा पडला.

"गनीचाचा, एवढा बिघडला का हो?"

"थांब वं पोरी!" सडकेपलीकडून उत्तर आलं. "ट्रकवरचं चित्र मागच्या गाडीवाल्याले दिसलं पाहिजे. तुहा बैल तं इथूनबी माह्याकडंच पाहून राह्यला!"

पानठेल्यावरची माणसंही माना वळवून बघू लागली. प्रेरणानं धावत जाऊन दाराचं दुसरं कवाडही उघडलं.