धोटे काकांचे पिंपळखुट्यातले अठरा दिवस

मधुकर धोटे मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी कारखान्यातून निवृत्त झाले, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरातलं सगळं सामान ट्रकमध्ये भरून आपल्या गावी कायमचे राहायला गेले आणि अठरा दिवसांनी त्याच सामानासह भोपाळला परत आले. ते का परत आले याची चार कारणं आमच्या पिपलानी वसाहतीत सांगितली गेली. त्यातली तीन त्यांनी स्वतःच, वेगवेगळ्या लोकांना सांगितली.

ते आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहत. बावीस पायऱ्या चढून उजवीकडचं दार. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. ओतीव लोखंडाचे भाग छोट्या हातोडीनं वाजवून आत तडा आहे का ते ऐकायचं, हे त्यांचं मूळ काम. पुढे यंत्रं आली, पण त्यांची सवय गेली नाही. कपात चहा ओतण्याआधी ते कपाला बोटाचं हाड मारून ऐकत. कलिंगड, दार, पाण्याची टाकी, आमचा नवा सोफा, सगळं त्यांनी वाजवून पाहिलं होतं. चांगला भाग असेल तर हिरवी चिठ्ठी, टाकाऊ असेल तर लाल, आणि निर्णय होत नसेल तर पिवळी, असा कारखान्याचा नियम होता. घरीही ते त्याच भाषेत बोलत. माझ्या आईनं एकदा विचारलं, "धोटे भाऊजी, या वर्षी दिवाळीला गावी जाणार का?" तर म्हणाले, "वहिनी, सध्या पिवळी."

त्यांच्या घरी केबल नव्हती. जनरल शिफ्ट सुटली की पाचच्या सुमारास त्यांची स्कूटर खाली लागायची. एकदा ते बाबांकडून नेलेला पाना परत द्यायला आत आले, तेव्हा मी टीव्ही पाहत होते. मी सातवीत होते. त्या वर्षी एक कार्टून मालिका हिंदीत लागायची. दहा वर्षांचा एक मुलगा घर सोडून निघतो, रानावनातले अजस्र, चित्रविचित्र प्राणी माणसाळवतो, त्यांना शिकवतो आणि गावोगावच्या स्पर्धांत उतरवतो. काका दारातच थांबले.

"हा पोट्टा कोणाचा?"

"कार्टून आहे, काका."

"ते दिसते मले. पण एकटा काहून फिरून राहिला? घरी कोणी नाई त्याच्या?"

"आई आहे ना."

"मंग?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर जवळपास वर्षभर ते रोज साडेपाचला येत. प्राण्यांच्या झुंजींत त्यांना रस नव्हता. झुंज सुरू झाली की ते वर्तमानपत्र उचलत. मुलगा आज कुठल्या गावात आहे, काय जेवला आणि घरापासून किती लांब आला, एवढंच ते विचारत. "आईले फोन केला काय यानं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. बहुतेक वेळा केलेला नसायचा.

काका स्वतः पंचविसाव्या वर्षी भोपाळला आले होते. पिंपळखुटा हे त्यांचं गाव वरूडजवळ आहे, संत्र्याच्या बागांच्या पट्ट्यात. मुलताईपर्यंत गाडी, तिथून बस. नोकरीत रुजू होताना कागदावर 'होम टाउन' लिहून द्यावं लागतं. त्या गावी जायला कंपनी ठरावीक वर्षांनी प्रवासखर्च देते आणि निवृत्तीनंतर सामानही तिथेच पोचवते. काका ती गोष्ट अशी सांगत: "क्लार्कनं विचारलं, होम टाउन? मी म्हटलं, लिहा पिंपळखुटा. त्यालेही घाई, मलेही घाई." त्यानंतर पस्तीस वर्षं ते दर दिवाळीला आठ दिवस गावी गेले. आठाचे नऊ कधी झाले नाहीत.

शालिनीकाकू इंदूरच्या. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन इंदूरलाच होती. काकूंना पिंपळखुट्याला जायचं नव्हतं. भोपाळमध्येच, बाग सेवनियात दोन खोल्या बघून ठेवा, असं त्या वर्षभर सांगत होत्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार हे वसाहतीत सगळ्यांना माहीत असतं. पुढे कुठे, हाच प्रश्न असतो.

एप्रिलमध्ये, माझी परीक्षा संपल्यावर, त्या मालिकेतला मुलगा मोठी स्पर्धा हरला आणि घरी परतला. तो भाग काकांनी वर्तमानपत्राला हात न लावता पाहिला. गाव वेशीवर जमलं, आईनं जेवायला वाढलं, त्याची गादी घातलेली होती. दाराच्या चौकटीवर लहानपणी उंचीच्या खुणा केलेल्या होत्या, मुलगा तिथे टेकून उभा राहिला. काका पुढे झुकले.

"पाह्य. इतका मुलूख फिरला. उंची तितकीच."

"कार्टूनमध्ये कोणी मोठं होत नाही, काका."

"मायही तशीच?"

"हो."

"मंग घरी येणं सोपं आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नवे बूट ठेवलेले होते. मुलानं ते घातले आणि तो पुन्हा निघाला. काकांना हे अजिबात पटलं नाही. आईनं बूट रात्रीच आणून ठेवले, त्यानं जातो म्हणायच्या आधी, असं त्यांचं म्हणणं. त्यानं जेवताना सांगितलं, मग तिनं आणले, असं माझं. "नाई. आधीच आणले. म्हणजे ती त्याले घालवून देऊन राहिली." आम्ही यावर दोन दिवस भांडलो. पुढे अनेक वर्षांनी मी तो भाग पुन्हा पाहिला. बूट सकाळी दारात आहेत. ते कोणी, केव्हा ठेवले हे दाखवलेलं नाही.

त्याच आठवड्यात काकांनी घरी सांगितलं की निवृत्त झाल्यावर आपण पिंपळखुट्याला जायचं, कायमचं. काकू जिना उतरून आईकडे आल्या. "ऐकलंत का? टीव्हीतलं पोर घरी गेलं म्हणून हे पण निघाले. त्याचं वय दहा, यांचं साठ! माझी भजन मंडळी इथे, डॉक्टर इथे, सब कुछ इथे. तिकडे मी कुणाशी बोलू, संत्र्यांशी?" पण जूनच्या सुरुवातीला काकांनी सांगितलं की क्वार्टर सरेंडर केलं. मग काकूंपुढे रस्ता उरला नाही. त्यांनी आपल्या सगळ्या कुंड्या शेजाऱ्यांत वाटल्या. आम्हाला मोगरा मिळाला.

परतले तेव्हा दुपार होती. ट्रक उभा राहिला, काकू आधी उतरल्या आणि जिन्याकडे बघत राहिल्या. काकांनी खिशातून किल्ली काढली.

"ही चाबी तुमच्याकडे कशी?"

"होती."

"तुम्ही तर म्हणालात, क्वार्टर देऊन टाकलं!"

"अर्ज लिहिला होता."

"दिला होता का?"

काकांनी दारावर बोटाचं हाड मारलं, ऐकलं आणि म्हणाले, "आधी सामान चढवू."

त्या दिवशी काकू आमच्याकडे जेवल्या. परत आल्याचा राग त्यांना नव्हता. "परत यायचंच होतं तर मला नेलं कशाला? आणि राहायचं होतं तर चाबी कशाला ठेवली? मला एक काहीतरी सांगा ना." आईनं त्यांना आणखी भात वाढला. कुंड्या काकूंनी परत मागितल्या नाहीत.

कारखान्याच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर काकांनी जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं, "तिकडचं पाणी मानवलं नाई." माझ्या बाबांना सांगितलं की गावच्या घरी भावानं त्यांच्या खोलीत संत्र्याचे खोके आणि मोटारीचे पाइप ठेवले होते, ते हलवायला सांगणं बरं वाटेना. मला ते तिसरंच बोलले. मालिका तोवर बंद झाली होती, तरी ते साडेपाचला येऊन बसले होते.

"पूर्ण गाव भेटायले आलं. जो आला तो पहिले हेच विचारे, कवा आलास? आणि मंग लगेच, जातोस कवा?"

"तुम्ही सांगितलं नाही, आता इथेच राहणार म्हणून?"

"सांगितलं. ते हसले. म्हणे, बरं बरं, पण जातोस कवा?"

चौथं कारण काकूंनी आईला सांगितलं. काकांची आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. वरूडच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. दर दिवाळीला मुलगा निघायचा त्या दिवशी ती पहाटे उठून भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची. या वेळी काका पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं शिदोरी बांधली आणि विचारलं, "मधू, गाडी किती वाजताची?" काका म्हणाले, मी जात नाही, माय. तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा शिदोरी. असं रोज. काका ती शिदोरी दुपारी बागेत बसून खायचे. अठराव्या दिवशी त्यांनी ती हातात घेतली आणि काकूंना म्हणाले, "ट्रक पाहतो." हे खरं का, असं बाबांनी काकांना विचारलं. ते म्हणाले, "मायले ऐकू कमी येते. बाकी काही नाई."

क्वार्टर सोडायची मुदत होती तोवर ते तिथेच राहिले. नंतर बाग सेवनियात दोन खोल्या घेतल्या. काकूंची भजन मंडळी सुटली नाही, त्या बसनं पिपलानीला येत. काका कधीतरी त्यांच्याबरोबर येऊन आमच्याकडे बसत. टीव्हीवर काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नसे.

दोन वर्षांनी दिवाळीत ते एकटेच गावी गेले. काकूंचे गुडघे दुखत होते. "आठ दिवसांत येतो," असं सांगून गेले. सहाव्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, पिंपळखुट्याला भावाच्या ओसरीवर त्यांचं निधन झालं. ते बासष्ट वर्षांचे होते. फोन आमच्याकडे आला. बाबा काकूंना घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

भावानं काकूंना त्यांच्या वस्तू दिल्या: चष्मा, घड्याळ, सदरा. सदऱ्याच्या खिशात मुलताई ते भोपाळ असं रेल्वेचं आरक्षित तिकीट होतं. ते भोपाळलाच काढलेलं होतं, निघण्याच्या बरंच आधी. काकूंना त्यातलं काही माहीत नव्हतं. गावात त्यांनी कोणाला काही सांगितलं होतं का, हे बाबांनी विचारलं. कोणी हो म्हटलं नाही. तेव्हाच्या तिकिटांवर प्रवाशाचं नाव छापत नसत, फक्त पुरुष की स्त्री आणि वय छापत. या तिकिटावर दोन प्रवासी होते. एक पुरुष, वय बासष्ट. एक स्त्री, वय शहाऐंशी.