लाटा नसलेला किनारा

ती घटना आठवली की आजही मला सगळ्यात आधी तो फोन ऐकू येतो. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो. ठाणे अंमलदाराने फोन उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"साहेब, त्यो बुडाला न्हाई, बुडवलाय त्याला. भावानंच. त्या दिशी सकाळी दोघं तिथंच भांडलते. व्हिडिओ हाय माझ्याकडं."

"कोण बोलतंय?"

फोन बंद झाला. अर्ध्या तासाने माझ्या मोबाइलवर व्हिडिओ आला.

कोण बुडालं, हे मला विचारावं लागलं नाही. आठवड्यापूर्वी हद्दीतल्या एका गावातली दोन शेजारी कुटुंबं जीप करून कोकणात फिरायला गेली होती. त्यातल्या एका घरातले दोघे भाऊ होते. थोरल्याबरोबर त्याची बायको, सात वर्षांची मुलगी आणि तान्हं बाळ. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. दिवाळीची सुट्टी, मुलीचा हट्ट. ड्रायव्हरनेच जागा सुचवली होती : खाडीजवळचा किनारा आहे, लाटा नाहीत, पोराबाळांना खेळायला चांगला. तिथे थोरला बुडाला. तिथल्या पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, शवविच्छेदन अहवालात बुडून मृत्यू असं आलं. प्रेत गावी आणून अंत्यविधीही झाला होता.

व्हिडिओ वीसेक सेकंदांचा. वाळूवर दोघे भाऊ समोरासमोर उभे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण. शेवटी धाकटा ओरडतो, "तू घरी तर चल, तुला बघतोच मी!" मागे मुलं पाण्यात हसत-खिदळत आहेत. समुद्र तळ्यासारखा निवांत.

दुपारी थोरल्याचा मेहुणा दहा-पंधरा माणसं घेऊन ठाण्यात आला. व्हिडिओ तोवर गावभर झाला होता.

"साहेब, तिथं ढोपराइतकं पाणी. लहान लेकरं खेळत्यात तिथं. गडी माणूस बुडंल कसा? खुनाचा गुन्हा नोंदवा, न्हाई तर आमी रस्त्यावर बसतो."

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही तोच पडला होता. गुन्हा शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्दीबाहेरचा म्हणून नोंदवून कोकणातल्या ठाण्याकडे वर्ग करता आला असता. पण तोपर्यंत इकडे गावात धाकट्याच्या जिवावर बेतलं असतं. मी वरिष्ठांशी बोललो. चौकशीला चार दिवस मिळाले. मेहुण्याला तेवढी मुदत मागितली. तो कुरकुरत गेला, पण गेला.

धाकट्याला बोलावलं. आणायला जीप पाठवावी लागली नाही, तो आपल्या पायाने आला आणि बाकाच्या टोकावर बसला. पंचविशीचा, अंगाने काटक, विहिरीत पोहत वाढलेला. उजव्या मनगटावर चार खोल ओरखडे होते, खपली धरलेले.

"हे कशानं?"

"दादाच्या नखानं."

"तुझ्या मनगटाला तो कशाला धरील?"

मी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या पद्धतीने विचारला. शेवटी तो म्हणाला, "हात मी सोडला साहेब. मीच मारला म्हणा. लिव्हा, मी सही करतो."

माझ्या हवालदाराने माझ्याकडे बघितलं. कबुली समोर होती. गाव खवळलं होतं, हातात व्हिडिओ होता. एवढ्यावर कागद रंगवायला तासाभराचं काम होतं.

पण तीस वर्षांत मी गुन्हेगार पुष्कळ बघितले. ज्याने केलेलं असतं त्याला एक गोष्ट जाणून घ्यायची असते : पोलिसांना किती माहीत आहे आणि कोण काय बोललं. हा काहीच विचारत नव्हता. फक्त पाणी द्यायला गेलेल्या शिपायाला त्याने दोनदा विचारलं, "दादाच्या पोरगीला कुनी इथं आणणार न्हाई ना?"

मी त्याचा जबाब त्या दिवशी घेतला नाही. त्याच्या जिवाला धोका होता म्हणून त्याला पाटोद्याला त्याच्या मावशीकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हवालदाराला घेऊन कोकणात निघालो.

समुद्र मी त्याआधी बंदोबस्ताच्या वेळी लांबून पाहिला होता. हा किनारा पाहिल्यावर वाटलं, इथे कोण बुडणार? दोन्ही बाजूंना डोंगराचे हात, मध्ये पाण्याचा अर्धवर्तुळाकार पसारा. सुरूच्या झाडांखाली सतरंज्या अंथरून कुटुंबं जेवत होती. दोन म्हाताऱ्या नऊवारीसकट कमरेइतक्या पाण्यात बसून गप्पा मारत होत्या. मुलं वाळूचे किल्ले करत होती. लाट म्हणून जी यायची, ती पाय भिजवून परत जायची.

तिथला पोलीस नाईक बरोबर होता. प्रेत सापडलं ती जागा त्याने दाखवली. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, खडकांच्या पलीकडे.

"साहेब, आता ओहोटी लागलीय. त्या टोकाला पाण्यात उतरू नका."

"ढोपरभरच तर आहे."

मी बूट काढले आणि उतरलो. वीस पावलं गेलो तोवर पाणी ढोपराखालीच होतं. पुढच्या दोन पावलांत ते मांडीवर आलं. वर पृष्ठभाग तसाच सपाट, चकाकणारा. आणि खाली कोणीतरी सतरंजी ओढावी तशी पायाखालची वाळू सरकली. मी वळायला गेलो तर पाय उचलेना. पाणी मला खडकांकडे ढकलत होतं, आवाज न करता. हवालदाराने मागून पट्ट्याला धरलं आणि नाईकाने त्याला. बाहेर आल्यावर मी बूट हातात घेऊन कोरड्या वाळूवर जाऊन बसलो.

नाईक म्हणाला, "खाडीत भरतीला शिरलेलं सगळं पाणी ओहोटीला या टोकानं बाहेर पडतं. वरून काही कळत नाही. आमची पोरं इकडे येत नाहीत. पाहुण्यांना ठाऊक नसतं."

म्हणजे गडी माणूस तिथे बुडू शकत होता. पण ढकललेला माणूसही तिथेच बुडाला असता. माझा प्रश्न अर्धाच सुटला होता.

उरलेला अर्धा एका बाईने सोडवला. साठीची असेल. ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूत ती टोपली घेऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या गोळा करत होती. रोज येते, असं नाईक म्हणाला. पंचनाम्याच्या वेळी तिला कोणी विचारलं नव्हतं, कारण पोलिसांची गाडी येईपर्यंत ती घरी गेली होती.

"मी बगितलंय की. त्या खडकावरनं. दोगे पुरुष पाण्यात हुते. एकानं दुसऱ्याका हातानं धरलानी हुता. बुडवीत नव्हता, ओढीत हुता."

"मग सुटला कसा?"

"एकाच हातानं किती ओढील? दुसऱ्या हातात पोर हुता ना."

मी तिला पुन्हा विचारलं. पोर म्हणजे?

"लहान चेडू, मुलगी. फुगवलेल्या चाकात बसून गेला वाहत. आधी बाप धावला, त्येका पवता येत नव्हता. मग हा दुसरा."

परतीच्या वाटेवर मी हवालदाराशी फारसं बोललो नाही. थोरल्याच्या बायकोने आधीच सांगितलं होतं, की ती त्या वेळी झाडांखाली बाळाला पाजत होती. आरडाओरडा ऐकून आली तेव्हा मुलगी वाळूवर बसली होती. व्हिडिओ काढणारा शेजारी, त्याच्या घरचे आणि ड्रायव्हर त्या वेळी जीपपाशी होते, त्यांनी पाण्यातलं काही पाहिलं नव्हतं. धाकट्यानेही तिथल्या पोलिसांना सांगितलं होतं, पोरगी किनाऱ्यावरच होती. तो खोटं बोलला होता. आणि या खोट्याने त्याचा बचावही होत नव्हता. खरं सांगितलं असतं तर तो सुटला असता.

पाटोद्याला त्याला समोर बसवलं आणि सदऱ्याची कॉलर बाजूला करायला सांगितली. मानेवरही ओरखडे होते. बारीक, जवळजवळ. मोठ्या माणसाची नखं तेवढी बारीक नसतात.

"हे पण दादाच्या नखांचे का?"

त्याने मान खाली घातली. मग एकदम बोलायला लागला.

"टूब वाहत गेली साहेब. दादा मागं पळाला. त्याला पवता येत न्हाई, तरी पळाला. मी पोचलो तवा पोरगी टूबातून सुटलती. तिनं माझ्या मानंला मिठी मारली. तिला ह्या हातानं धरली, दादाला त्या हातानं. दादा वर यायला बघायचा अन् आमी तिघंबी खाली जायचो. दोनदा गेलो. पोरगीच्या नाकातोंडात पाणी गेलं. मग मी…" त्याने उजवं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. "मी मनगट झटकलं. त्यो माझ्याकडंच बघत हुता."

"हे आधी कावून सांगितलं नाहीस?" माझ्या तोंडी त्याचीच भाषा आली.

"काय सांगू? पोरगीपायी बाप गेला म्हणून? गावाला वळखता की तुमी. बापाला खाल्लेली पोर म्हणत्याल तिला. लग्नाला यील तवाबी म्हणत्याल. मला खुनी म्हणू द्या. मी गडी हाय."

आता अडचण माझी होती. जबाब खरा लिहायचा, त्यात सोय बघायची नाही. हे मी नवीन पोरांना शिकवत आलो होतो. मी तो खरा लिहिला. शिंपल्या वेचणाऱ्या बाईचा जबाब तिथल्या ठाण्याने घेतला. गुन्हा होत नव्हता. पण चौकशीचा निष्कर्ष तक्रारदाराला, म्हणजे मेहुण्याला सांगावा लागणार होता, आणि त्याला सांगणं म्हणजे गावाला सांगणं.

म्हणून मी आधी थोरल्याच्या बायकोला बोलावलं. महिला शिपायाला बसवून दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"हात कुनी सोडला?"

खोटं बोलावंसं वाटलं. "तुमच्या दिरानं," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "मी आसते तर मीबी पोरगीच धरली आसती."

ती उठली, पदर सारखा केला आणि दार उघडून बाहेर गेली. बाहेर तिचा भाऊ माणसं घेऊन उभा होता.

"तक्रार मागं घे," ती म्हणाली.

"कावून? ह्यानं दाजीला…"

"मी बघत हुते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ह्ये एकलेच गेलते पाण्यात. पाय सरकला. भाऊजी काढायला गेले. पोरगी माझ्यापशी हुती." आणि आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता कुनी माझ्या दिराला काय बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

मी दारात उभा होतो. ती खोटं बोलतेय हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "चौकशीत घातपाताचं काही निघालं नाही. अपघात आहे." हे खरंच होतं. त्यापुढचं एक वाक्य मी गिळलं. जमाव पांगला. खरा कागद फाइलमध्ये बंद झाला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या, असं मी अनेक वर्षं सांगत असे. कबुली मिळाली म्हणून तपास संपत नाही. आणि माणूस शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतो तसा मायेनेही बोलतो. दुसऱ्या प्रकारचं खोटं पकडायला जास्त वेळ लागतो.

हे लिहिण्याआधी मी त्या घरी जाऊन आलो. मुलगी आता कॉलेजला आहे. काका आणि आई, दोघांनी मिळून तिला अलीकडेच सगळं सांगितलं होतं. मी लिहू का विचारलं, तर ती म्हणाली, "नाव न घालता लिहा." मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "साहेब, मला पहिल्यापासून आठवत हुतं. टूब, पप्पा, काकाचा हात, सगळं. मी बोलले न्हाई. काकाला वाटायचं मला ठाऊक न्हाई, तेवढ्यावरच त्यो जगत हुता."

त्या चार दिवसांत मी भावाला विचारलं, वहिनीला विचारलं, मेहुण्याला, शेजाऱ्याला, ड्रायव्हरला, कोकणातल्या त्या अनोळखी बाईला विचारलं. सात वर्षांच्या त्या मुलीला मात्र मी एक शब्द विचारला नव्हता. तिला काही समजत नसेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.