बॉनेटमागचा आवाज

आमच्या ह्यांनी हौसेनं एक जुनी परदेशी मोटार घेतली होती. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते, तिकोनी रोटर फिरायचा. गाडी पळवली नाही की त्यात काजळी धरायची, आणि आमच्या तिसगावच्या रस्त्यांवर पळवणार कुठं? मग हे बॉनेट उघडून, सलाईनच्या नळीनं चालू इंजिनात थेंब थेंब पाणी सोडायचे. त्याची वाफ होऊन काजळी सुटायची. मी आत बसून अ‍ॅक्सिलेटर दाबून धरायचे, नाहीतर इंजिन बंद पडायचं. उघड्या बॉनेटमुळं हे दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. "पाय काढू नको गं!"

"काढलाय का कधी?" मीही ओरडायचे.

शेवटी नगरच्या दवाखान्यात तशीच नळी ह्यांच्या हाताला लागली. त्या पाण्यानं काहीच सुटलं नाही.

परवा दीर म्हणाले, "वहिनी, इकून टाका ती गाडी." मी त्यांना फाडकन सुनावलं. ते गेल्यावर बॉनेट उघडलं, आत बसले, इंजिन चालू केलं आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला. बॉनेटमागं कोणी दिसत नव्हतं. पूर्वीही दिसायचं नाही.

मी पाय काढला नाही.