विदामावशीचं नाक

विदोसावाला, म्हणजे विदामावशीला, गाव आवडत नसे आणि गावाला ती. दोघांनीही ते कधी लपवलं नाही. मोरावा नदीकाठच्या त्या गावात तेवीस वर्षं ती रुग्णवाहिकेवर होती. कोणाच्या घरात कोण कशानं पडतं हे तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे चर्चमध्ये मेणबत्त्या लावणाऱ्या सभ्य मंडळींकडे बघताना तिचे ओठ आपोआप वाकडे होत.

निवृत्त झाल्यावर बंद पडलेल्या चामड्याच्या कारखान्याचं उपाहारगृह तिनं नगरपालिकेशी भांडून मिळवलं. तिथे दिवसभर घेवड्याचं सूप, कॉफी आणि दुसऱ्या कोणालाही नकोशी झालेली पोरं असत. कोणी मोटारसायकलवरून आपटून आपलंच नाव विसरणारा, कोणी नशेच्या गोळ्यांपायी शाळा सुटलेला. सान्या तर उन्हाळ्यात पुलाच्या कठड्यावर चढली होती. तिला खाली उतरवून मावशीनं थेट कांदे चिरायला बसवलं होतं. उद्घाटनाला महापौर आले, हातात पळी धरून फोटो काढला आणि सूप न चाखताच गेले. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, तेही उंबऱ्याबाहेरून. आत पाऊल टाकलं असतं तर झग्याला डाग पडला असता ना!

मावशीचा एकच नियम होता: पिऊन आलेल्याला आत जागा नाही. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता, आपल्या नाकाचा. कोणी काय घेतलंय हे ती दहा पावलांवरून सांगायची. डॉक्टरांची यंत्रं चुकतील, माझं नाक नाही, असं ती म्हणे.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी ओग्नेन दाराशी आला. वीस वर्षांचा पोरगा, सात महिने दारू-गोळ्या सगळ्यापासून लांब राहिलेला. मावशी तोंडावर त्याला शिव्या घाली आणि पाठीमागे त्याचं कौतुक करी. आज तो चौकटीला टेकून उभा होता, पाय लटपटत होते आणि राकियाचा, घरोघरी गाळल्या जाणाऱ्या त्या दारूचा, वास पार फाटकापासून येत होता.

"मावशी, डोकं..."

"डोकं असतं तर या अवतारात आला असतास? खाल्लंस ना शेण शेवटी?"

"मी नाही... घेतली..."

"सगळे हेच म्हणतात. माझ्या नाकाला शिकवतोस? जा, झोप काढ. उतरली की ये."

तिनं दार लावून घेतलं. सान्या बघत राहिली. "बघतेस काय? सूप ढवळ," मावशी खेकसली. सात महिने वाया गेले म्हणून तिला रडूच येत होतं, पण रडण्यापेक्षा खेकसणं तिला सोपं जाई.

दुपारी दोनला ओग्नेनची आई ल्युबिंका धापा टाकत आली. "विदाताई, चल गं! ओग्नेन उठतच नाहीये."

"उतरेल त्याची, मग उठेल."

"काय उतरेल? थेंबाला शिवला नाही तो! शनिवारी मामाच्या अक्रोडावरून पडला. डोकं आपटलं, पण रक्त नाही आलं हो. मग घामेजलेला तसाच ओसरीत बसला, दोन्हीकडची दारं उघडी. लागली प्रोमाया! दोन दिवस ओकतोय. कपाळावर राकियाच्या पट्ट्या ठेवल्या, मोजे राकियात भिजवून घातले..."

मावशीच्या हातातली पळी तशीच राहिली. प्रोमायाला, आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला, हे गाव मरणापेक्षा जास्त भितं. दात ठणकला, प्रोमाया. मूल होत नाही, प्रोमाया. नवरा पळाला तरी कुठलीतरी खिडकी उघडी राहिली असणार! आणि औषध एकच, राकिया. पोटात नाही तर अंगावर. हे सगळं मावशीला ठाऊक होतं. तिच्या आईनंही तिला असलेच मोजे घातले होते. सकाळी मात्र तिला काही म्हणजे काही आठवलं नाही.

ती धावली. घरात खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली. ओग्नेन घोरत पडलेला. तिनं त्याच्या पापण्या उघडल्या. एका डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, दुसरी बटणाएवढी. म्हणजे डोक्यात रक्त साचत होतं.

इस्पितळात तरुण डॉक्टरानं लांबूनच नाक मुरडलं. "याला ओळखतो आम्ही. वास येतोय की! झोपू द्या, उतरली की बघू."

मावशीनं हात उगारला होता, तो खाली आला. सकाळी ती हेच बोलली होती, जवळजवळ शब्दशः. मग तिनं ओग्नेनचा मोजा ओढून काढला आणि डॉक्टराच्या नाकाला लावला.

"वास याचा येतोय, गाढवा! आता याचं तोंड हुंग. आणि डोळ्यांत बॅटरी मार. एवढं शिकवलंय ना तुला?"

तो चिडून वाकला, तोंड हुंगलं, बॅटरी मारली, आणि ओरडत स्ट्रेचर मागवायला पळाला. तासाभरात ओग्नेनची कवटी उघडलेली होती.

तो वाचला. डावा हात लुळा राहिला, शब्द एकेक करून येऊ लागले. गावानं विदामावशीला डोक्यावर घेतलं. महापौर मानपत्र घेऊन आले, तेव्हा ते चुलीत घालायला बरं पडेल असं ती म्हणाली. त्या मोज्याची गोष्ट कोणी काढली की मात्र ती उठून भांडी घासायला जाई.

डिसेंबरात ल्युबिंका आयवारची, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची, बरणी आणि ओग्नेनला घेऊन आली. सगळ्या पोरांसमोर तिनं मावशीचा हात ओठांना लावला. "ही त्या दुपारी आली नसती, तर माझा पोरगा..."

"पुरे झालं," मावशी म्हणाली.

"मावशी," ओग्नेन दाराबाहेरूनच बोलला. "मी... त्या सकाळी... आलो होतो."

ल्युबिंकाला काही कळेना. "कुठे आला होतास रे?"

"इथे आला होता," मावशी म्हणाली. "डोक्याचं सांगायलाच आला होता. मी वास घेतला आणि दार लावलं."

ल्युबिंकानं तिचा हात सोडला. ओग्नेन अजून उंबऱ्याबाहेरच होता. त्यानं बरा हात तोंडाजवळ नेला, तळव्यावर फुंकर मारली आणि तो तळवा मावशीपुढे धरला.

"हुंग," तो म्हणाला. "मग... आत... येतो."

सान्यानं कांद्याची सुरी खाली ठेवली, पुढे गेली आणि त्याला हाताला धरून आत घेतलं.