मी मारलेला डॉक्टर

बसा, चहा घ्या, आणि मी एका भल्या माणसाला भरदुपारी कसं मारलं ते ऐका. हसू आलं तर हसा. चिंचवडात अजून हसतात.

उन्हाळ्यात आमच्या आळीत रोज दुपारी एकेका घरचे पापड लाटले जायचे. सगळ्या बायका जमायच्या, आणि शेजारची कुसुमवहिनी लाटता लाटता इंग्रजी कादंबरी मराठीत सांगायची. वहिनी नुसती मॅट्रिक. मी रोज आगगाडीनं पुण्याला कॉलेजात जाणारी. पण मला कोण विचारतंय? "कुसुमचं इंग्रजी म्हणजे लोणी," असं माझी सख्खी आई म्हणायची. त्या वर्षी पापडखार पिठात कमी आणि माझ्या पोटात जास्त होता.

गोष्ट एका डॉक्टरची होती. साथीत तो स्वतःच तापानं पडला, आणि नेमकी वहिनी माहेरी कासारवाडीला गेली. त्या दिवशी पापड आमचेच. मी तिच्या सासूकडून पुस्तक मागून आणलं. म्हटलं, आज गादी आपली.

वाक्य पुढे आलं ते चार ओळींचं. कर्ता एका गावाला, क्रियापद दुसऱ्या गावाला. मधे 'बट फॉर द नर्स'. बट म्हणजे पण, फॉर म्हणजे साठी. शेवटी 'डॉक्टर' आणि 'डाय' तेवढे स्वच्छ दिसत होते. लाटणी थांबली होती, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अशा वेळी कुणी डिक्शनरी काढतं का?

"पण नर्ससाठी डॉक्टर मेला," मी ठणकावून सांगितलं.

आळीतली सगळ्यात म्हातारी तान्हूआजी. तिनं पोळपाट उपडा केला.

"उठा गं. मयताचं कानावर आलं, आता लाटायचं न्हाई."

"आजी, तो पुस्तकातला आहे. विलायतेतला."

"आसंना. रोज त्याचं ऐकतोय आमी. घरातलाच झाला की."

"अहो, पण..."

"तू गप. मारायच्या आदी इचार करायचा व्हता."

डोळे पुसत, हात धुऊन बायका गेल्या. भिजवलेल्या पिठाचा दगड झाला. संध्याकाळी मी डिक्शनरी उघडली तशी आई म्हणाली, "आता कुणाला मारायचं राहिलंय?"

तेव्हा उमगलं. नर्स नसती, तर डॉक्टर मेला असता. म्हणजे मेला नव्हता. चांगला ठणठणीत होता.

वहिनी परत आल्यावर तिला एकटीला गाठलं. "तुम्हाला ह्या वाक्याचा अर्थ लागला असता?"

तिनं पान पाहिलं. "छे गं. असं काही अडलं की मी मनानं सांगते. निम्मी गोष्ट माझीच आहे."

मी तशीच तान्हूआजीकडे धावले. "आजी, वहिनी मनचं रचून सांगते. पुस्तकात तसं काही नाही."

आजीनं शांतपणे सुपारी कातरली. "मंग पुस्तकवाल्याला धाडा कुसुमकडं शिकायला."

दुसऱ्या दिवशी आजीच्या घरचे पापड. वहिनीनं डॉक्टरला उठवून बसवलं, पेज पाजली, नर्सला उशाशी आणलं. तेवढ्यात दारात एक परकी बाई येऊन उभी राहिली. पुस्तकात अशी बाई नव्हतीच. मी रात्रभर जागून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं.

"बास, उरलेलं उद्या," म्हणत वहिनी उठली.

"वहिनी, ती बाई कोण ते तरी सांगून जा," कोपऱ्यातून कुणीतरी काकुळतीनं म्हणालं.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.