राणेबाईंचा कोपरा

राणेबाईंची आणि माझी ओळख एका जुन्या दारामुळे झाली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी नुकताच राहायला आलो होतो. कुठेतरी पर्यावरणावर तासभर तावातावाने बोलून, खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन फाटकातून आत शिरत होतो. समोर एक बाई पदर खोचून, कुणीतरी फेकून दिलेले भलेमोठे सागवानी दार एकट्याच ओढत होत्या. माझी शाल बघून म्हणाल्या, "भाषण झालं वाटतं? मग नारळ खाली ठेवा वक्ते, आणि हे टोक धरा."

त्या दिवसापासून त्या मला 'वक्ते' म्हणतात आणि मी टोक धरतो.

श्रीमती सुमती राणे यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या काय करतात हे आपण सारे जाणतो, म्हणजे येता-जाता पाहतो. कुणाच्या घरी नवे फर्निचर आले की जुने खाली येते. दारे, खिडक्यांच्या जाळ्या, रंगाचे डबे, फुटलेली पाण्याची टाकी. बाईंनी त्यातून बागेच्या मागच्या कोपऱ्यात खताचे कप्पे उभे केले. दाराच्या फळ्या कापून, मध्ये हवेला फटी ठेवून पेट्या केल्या. डब्यांना भोके पाडली. एक थर भाजीच्या देठांचा, एक वाळक्या पानांचा, वर आंबट ताकाचा शिपका. आणि नव्या कप्प्यात जुन्या खताची मूठ पडलीच पाहिजे. तिला त्या 'विरजण' म्हणतात.

पहिल्या मजल्यावरचे कर्णिक एकदा तणतणत खाली आले होते. "बाई, आमच्या दिवाणखान्याचं दार तुम्ही कचऱ्याला लावलंत?"

"तुम्ही ते रस्त्याला लावलं होतं, कर्णिक," बाई म्हणाल्या. "मी निदान आत तरी आणलं." मग पदराला पुसून त्यांनी दारावरची पितळी पाटी त्यांच्या हातात ठेवली. "हे तुमच्या वडिलांचं नाव. हे कुजत नाही, ठेवा घरात."

आपण म्हणतो, कचरा गेला. कुठे गेला? या जगात काहीही 'जात' नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पडते. हे मी व्यासपीठांवरून सांगत आलो आणि टाळ्या घेतल्या. बाईंनी ते वर्गात पाहिले होते. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या कडेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवले. तिथल्या एका मुलीच्या शेजारी वर्गात कुणी बसत नसे, कारण तिच्या कपड्यांना वास येई. बाईंनी आपली खुर्ची उचलून तिच्या बाकाशेजारी ठेवली आणि पुढचे सारे वर्ष तिथूनच शिकवले. "वास तिचा नव्हता," त्या मला म्हणाल्या, "आपला होता. आपल्या डब्यातला." निवृत्त झाल्यावर इतरजण तीर्थयात्रेला गेले, बाईंनी करवत विकत घेतली.

त्यांची माया त्यांच्या बोलण्यासारखीच सरळ आहे. माझी पत्नी इस्पितळात होती तेव्हा माझ्या दारातली ओल्या कचऱ्याची बादली रोज गुपचूप रिकामी व्हायची आणि कडीला बागेतल्या गवती चहाची जुडी अडकवलेली असायची. पत्नी गेल्यावर बाई आत आल्या, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "रडा, मी बसलेय. झालं की चहा टाका, दोन कप." माझ्या साऱ्या वाचनात इतके नेमके सांत्वन मला सापडले नव्हते.

एवढे लिहून थांबलो असतो तर हा लेख बाईंच्या या गौरवग्रंथात शोभून दिसला असता. पण त्यानंतर जे घडले ते गिळून मला शुभेच्छा देता येत नाहीत.

बाईंचा सत्कार करायचे ठरले. व्यासपीठाला जागा हवी होती. बाई चार दिवस बहिणीकडे कणकवलीला गेल्या असताना सोसायटीच्या आपल्या सत्कार समितीने बागेचा मागचा कोपरा 'स्वच्छ' केला. दारांच्या पेट्या भंगारवाल्याच्या टेम्पोत गेल्या. त्यातले अर्धे पिकलेले खत, म्हणजे आपल्याच घरांतले देठ, साली आणि गणपतीचे निर्माल्य, कचऱ्याच्या गाडीत गेले. ती गाडी कुठे रिकामी होते, ते बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या परतल्या तेव्हा अध्यक्ष उत्साहाने पुढे आले. "बाई, सरप्राइज! पाहुणे येणार, फोटो निघणार, सगळं चकाचक करून टाकलं. आणि नंतर तिथे चार गाड्या पण लागतील ना."

बाई मोकळ्या कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, "झकास. माझ्या सत्काराला माझंच काम आड येत होतं होय."

कुणीतरी हसलेसुद्धा. विनोद वाटला असावा.

सज्जनहो, दुष्टपणाने कुणी हे केले असते तर मी भांडलो असतो. आपण ते आदराने केले, याचे काय करू? माणसाला हार घालायचा आणि त्याचे काम गळ्यात हार पडण्याआधीच फेकून द्यायचे, ही आपली गौरवाची रीत झाली आहे.

त्याच संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या, हातात झाकण नसलेला जुना कुकर. तळाशी मूठभर काळी माती, विरजणाची. रिकाम्या कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यांतून त्यांनी ती खरवडून काढली होती. "बाल्कनीत सावलीला ठेवा वक्ते. पाणी शिंपडा, भाषण नको. कोपरा परत मिळाला तर घेऊन जाईन." त्यांच्या तोंडून 'तर' हा शब्द मी प्रथमच ऐकला.

राणेबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पण नुसत्या आयुष्याचे त्या काय करतील? त्यांना तो कोपरा हवा आहे. शाल-श्रीफळ आवरा आणि तिथे एकही गाडी लागणार नाही, एवढे त्याच व्यासपीठावरून जाहीर करा.

नाही केलेत तरी विरजण माझ्याकडे जिवंत आहे. घरातल्या आतल्या खोलीचे दार मी बिजागरीवरून उतरवून ठेवले आहे. समारंभ संपून मंडपवाला निघाला की ते मी खाली आणणार आहे. एक टोक मी धरेन. दुसरे टोक पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना धरावे लागू नये, हीच माझी त्यांना शुभेच्छा आणि आपणा सर्वांना विनंती.