टाचेखालचं रबर

कोरेगावला सयाजी सुभेदारांच्या दारात संयोगिता उतरली, ती बर्फावरचे जडशीळ बूट पोत्यात घालून. मलकापूरची ही पोरगी दोन हिवाळे गुलमर्गला स्कीइंग शिकत होती. डावीकडं वळताना मात्र हमखास मागं कलंडायची. शिकवणारे ओरडायचे, "पुढं झुक!" ती जीव तोडून झुकायची आणि पुन्हा पडायची. उसाच्या मुलखातल्या माणसानं बर्फाच्या नादाला लागूच नये, असं तिला वाटायला लागलं होतं. तिचे वडील एकेकाळी फौजेत सुभेदारांच्या हाताखाली होते. तेच म्हणाले, "एकदा सयाजीरावांना भेट."

सुभेदार ओसरीवर अनवाणी बसले होते. त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. तिची नजर तिथं अडकलेली पाहून त्यांच्या पत्नी धोंडुबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बर्फानं खाल्ली ती. डाक्टर म्हणला, आता स्टोअरमधी बसा. पर ह्यांनी कुठलं ऐकायला! बुटात लोकरीचा जाड नमदा कोंबायचा, पडायचं, नमदा कापायचा, परत उभं ऱ्हायाचं. पुढच्या हिवाळ्यात जवानांना स्कीइंग शिकवाय लागलं."

"आगं, ती कथा ऱ्हाऊ दे," सुभेदार पुटपुटले. "पोरी, चपला काढ. टाच उचलायची न्हाई, गुडघा पुढं ने."

डावा गुडघा अंगठ्याच्याही पुढं गेला. उजवा मध्येच अडकला.

"घोटा कवा मोडला हुता?"

"शाळेत, कबड्डीत. आवं काका, पण तो बरा झालाय."

"बरा झालाय, पर वाकत न्हाई. डावीकडं वळताना सारा भार ह्याच उजव्या पायावर येतो. मग तू झुकणार कुठनं? बूट तुला मागं ढकलतोय. तुझी चूक न्हाई गं."

दोन वर्षांत हे वाक्य तिला कुणी ऐकवलं नव्हतं. तिनं मान फिरवून डोळे पुसले.

साखर कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचं घट्ट रबर सुभेदारांनी काढलं. टाचेकडं जाड, पुढं निमुळतं असं तासून उजव्या बुटात तळपट्टीखाली सरकवलं. बुटाच्या नळीचा स्क्रू सैल केला, नळी नडगीच्या कलानं फिरवली, आवळली. तिला उभं केलं, वाकवलं. मान हलवून रबर पुन्हा तासायला घेतलं. ऊन ओसरीवरून अंगणात गेलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी ती नुसत्या उजव्या पायावर स्थिर उभी राहिली, तेव्हा म्हणाले, "आता बरूबर."

स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पडल्यावर ते वेळेवर सुटलं पायजे, न्हाईतर गुडघा जातो. ते तिथं यंत्रावर तपासून घे. अंदाजानं मी हात लावणार न्हाई."

जानेवारीत गुलमर्गला तिनं बाइंडिंग तपासून घेतलं आणि स्पर्धेच्या उतारावर उभी राहिली. पहिलं डावं वळण आलं तसं तिचं अंग आपसूक आखडलं. पण नडगी बुटाच्या जिभेवर टेकली, भार उजव्या पायावर उतरला आणि स्की सुरीसारखी बर्फ कापत वळली. मग दुसरं वळण, तिसरं. खाली पोचेपर्यंत ती हसत होती. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही, पण पडल्याशिवाय शेवट गाठायची तिची ही पहिलीच वेळ होती.

तिनं लगेच फोन लावला. "काका, उभ्यानं उतरले!"

पलीकडं सुभेदारांचा आवाज घरभर घुमला, "धोंडे, आगं हिकडं ये! पोरगी उभ्यानं उतरली!"